देशातली शेकडो विमानं दोन दिवसांत का दुरुस्त करावी लागली? 'सक्तीची तपासणी' म्हणजे नेमकं काय?

२९ नोव्हेंबर २०२५, शनिवार. सकाळी सकाळी मावशीचा फोन.

"अगं, सूर्यामुळे विमानं पडतायत म्हणे. रात्रीचं कोचीचं तिकीट आहे आमचं. जाऊ की नको?"

भिवंडीतल्या आमच्या फॅमिली ग्रुपवर तोपर्यंत तीन फॉरवर्ड येऊन पडले होते. एकात 'सौरवादळामुळे सर्व विमानं जमिनीवर', दुसऱ्यात 'एअरबसचं विमान हवेत बंद पडतं', आणि तिसऱ्यात तर 'पुढचे दहा दिवस विमानाने जाऊ नका' असा थेट सल्ला. भिवंडीला विमानतळ नसला तरी इथल्या बऱ्याच घरांतलं एखादं तरी माणूस आखातात नोकरीला आहे. त्यामुळे अशा मेसेजने नुसती चर्चा होत नाही, लोकांची झोप उडते.

मावशीला तेव्हा फोनवर घाईघाईत सांगितलं ते आज नीट सांगते. कारण त्या दोन दिवसांत जे झालं ते घाबरण्यासारखं कमी आणि समजून घेण्यासारखं जास्त होतं. विमानातला एखादा भाग धोकादायक वाटला, तर तो तपासायचा आदेश कोण काढतं? तो पाळला नाही तर काय होतं? आणि 'तपासून घ्या' असा सल्ला आणि 'तपासल्याशिवाय उडवू नका' असा आदेश, यात फरक काय? सोप्या भाषेत बघूया.

नेमकं झालं होतं काय?

गोष्ट सुरू होते एक महिना आधी. ३० ऑक्टोबर २०२५ रोजी अमेरिकेच्या जेटब्लू कंपनीचं एअरबस ए३२० विमान मेक्सिकोतल्या कानकूनहून न्यूअर्कला निघालं होतं. विमान उंचीवर, ऑटोपायलट सुरू, सगळं नेहमीसारखं. आणि अचानक, पायलटने काहीही न करता, विमानाचं नाक खाली झुकलं.

झटका काही क्षणांचाच होता आणि विमान सावरलं. पण आतले काही प्रवासी जखमी झाले. विमान वाट बदलून फ्लोरिडातल्या टॅम्पाला उतरवावं लागलं.

तपासात संशयाची सुई गेली ती 'इलॅक' नावाच्या कॉम्प्युटरकडे. इलॅक म्हणजे एलिव्हेटर एलेरॉन कॉम्प्युटर. विमानाचं नाक वर-खाली करणं आणि विमान डावी-उजवीकडे कलवणं, या दोन कामांचे हुकूम तो देतो. ए३२० मध्ये असे दोन इलॅक असतात. एअरबसचं म्हणणं असं, की तीव्र सौर किरणोत्सर्गामुळे या कॉम्प्युटरमधला महत्त्वाचा डेटा बिघडू शकतो.

२८ नोव्हेंबरला एअरबसने जगभरातल्या कंपन्यांना तातडीची सूचना पाठवली. त्याच दिवशी युरोपची विमान सुरक्षा संस्था ईएएसएने आणीबाणीचा आदेश काढला. त्यातली भाषा स्पष्ट होती. हा दोष तसाच राहिला तर सगळ्यात वाईट परिस्थितीत एलिव्हेटर आपोआप हलू शकतो आणि विमानाच्या सांगाड्याला झेपणार नाही इतका ताण येऊ शकतो. म्हणून पुढच्या उड्डाणाआधी दुरुस्ती करा.

जगभरात जवळपास ६,००० विमानं या आदेशाच्या कक्षेत आली. म्हणजे ए३२० कुटुंबातली निम्म्याहून जास्त. भारतात हा आकडा होता ३३८. इंडिगोची २००, एअर इंडियाची ११३ आणि एअर इंडिया एक्सप्रेसची २५.

भारतात विमान सुरक्षेचं काम बघणाऱ्या डीजीसीएने, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, हाच बदल आपल्याकडे सक्तीचा केला. ज्या विमानात तो झालेला नाही ते उडवायचं नाही. मुंबई, दिल्ली, बंगळुरू, हैदराबाद अशा तळांवर इंजिनिअर रात्रभर कामाला लागले. ३० नोव्हेंबरपर्यंत हे काम पूर्ण झालं.

सूर्याचा आणि विमानाचा संबंध काय?

फॉरवर्डमध्ये 'सूर्यामुळे विमानं पडतायत' असं होतं. ते चूक. एकही विमान पडलं नव्हतं. पण सूर्याचं नाव अगदीच उगाच आलं नव्हतं.

कॉम्प्युटरची सगळी स्मृती शून्य आणि एक या दोन आकड्यांत असते. अवकाशातून सतत अतिसूक्ष्म कण पृथ्वीवर येत असतात. काही सूर्याकडून, काही त्याच्याही पलीकडून. जमिनीवर वातावरणाचं जाड पांघरूण असल्यामुळे ते बरेचसे अडतात. पण ३५,००० फुटांवर हे पांघरूण विरळ असतं. असा एखादा कण चिपवर आदळला, तर शून्याचं एक किंवा एकाचं शून्य होऊ शकतं.

ही गोष्ट विमान बनवणाऱ्यांना नवीन नाही. म्हणूनच सॉफ्टवेअरमध्ये आकडे पुन्हा पुन्हा पडताळायची सोय असते. चुकीचा आकडा आला तर तो ओळखून बाजूला टाकायचा. अडचण झाली ती इलॅकच्या एका नव्या सॉफ्टवेअर आवृत्तीत. त्यामुळे बहुतेक विमानांवरचा उपाय सोपा निघाला. नवी आवृत्ती काढायची आणि आधीची टाकायची. एका विमानाला दोन-तीन तासांचं काम. काही जुन्या विमानांत मात्र कॉम्प्युटरच बदलावा लागणार होता, त्यांना वेळ लागला.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. त्या दिवशी सूर्यावर काही फार मोठी उलथापालथ नव्हती, असं काही अवकाश अभ्यासकांनी नंतर म्हटलं. म्हणजे कण नेमका कुठून आला यावर मतभेद आहेत. पण नियामकाने त्या वादाचा निकाल लागायची वाट बघितली नाही. संशय पुरेसा होता, धोका मोठा होता आणि उपाय हाताशी होता. आधी विमान सुरक्षित करा, बाकीची चर्चा नंतर. अशा आदेशांमागचा विचार हाच असतो.

पण एका कॉम्प्युटरसाठी इतकी धावपळ कशाला?

कारण तो फ्लाइट कंट्रोलचा भाग आहे.

विमानाला हवेत वळवणाऱ्या मुख्य गोष्टी तीन. शेपटीच्या आडव्या पंखांवर मागच्या बाजूला हलणाऱ्या फळ्या असतात, त्या एलिव्हेटर. त्यांनी नाक वर-खाली होतं. मोठ्या पंखांच्या टोकाकडे मागच्या कडेला असतात ते एलेरॉन, त्यांनी विमान एका बाजूला कलतं. आणि शेपटीच्या उभ्या पंखावर असतो तो रडर, त्याने नाक डावी-उजवीकडे वळतं. तुम्ही खिडकीजवळ बसला असाल आणि उतरताना पंखातून पट्ट्या बाहेर सरकताना बघितल्या असतील, तर ते फ्लॅप. तेही याच कुटुंबातले, पण दुय्यम.

जुन्या विमानांत पायलटच्या हातातल्या दांड्यापासून या फळ्यांपर्यंत तारा, कप्प्या आणि दांडे जायचे. १९८८ मध्ये प्रवासी सेवेत आलेल्या ए३२० ने ही पद्धत बदलली. पायलट काठी हलवतो, ती हालचाल विजेच्या संदेशाने कॉम्प्युटरकडे जाते, कॉम्प्युटर ठरवतो की फळी किती हलवायची आणि तेलाच्या दाबावर चालणारं यंत्र ती हलवतं. याला 'फ्लाय बाय वायर' म्हणतात. म्हणूनच आजच्या काळात फ्लाइट कंट्रोलची तपासणी म्हणजे फक्त नटबोल्ट बघणं राहिलेलं नाही. सॉफ्टवेअर हाही आता विमानाचा एक पार्टच आहे.

आपल्या रस्त्यावरचं उदाहरण घ्या. मुंबई-नाशिक हायवेवर भिवंडीच्या गोदामांतून निघालेल्या ट्रकचं इंजिन बंद पडलं, तर ट्रक बाजूला थांबतो, मागे जाम लागतो, ड्रायव्हर शिव्या खातो. पण चालत्या ट्रकचं स्टिअरिंग तुटलं तर? विमानाचंही तसंच आहे. दोन इंजिनांपैकी एक बंद पडलं तरी विमान उतरवता येतं, पायलट त्याचा सराव करतात. फ्लाइट कंट्रोलने मात्र स्वतःच्या मनाने हालचाल केली, तर पायलटच्या हातात वेळ फार थोडा उरतो. म्हणून या भागांच्या बाबतीत कुणी धोका पत्करत नाही.

सल्ला आणि आदेश यात फरक काय?

सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच आहे.

विमान बनवणारी कंपनी वेळोवेळी सूचना काढत असते. अमुक भाग बघून घ्या, तमुक बदला. याला सर्व्हिस बुलेटिन म्हणतात. ती साधारणपणे शिफारस असते. त्याच्या वर आणखी एक प्रकार आहे. नियामक स्वतः माहितीपत्रक काढतो, की असं असं आढळलंय, लक्ष द्या. पण तेही सल्ल्याच्याच पातळीवर असतं.

तिसरा प्रकार म्हणजे 'एअरवर्दिनेस डायरेक्टिव्ह', थोडक्यात एडी. हा आदेश. विमान ज्या देशात डिझाइन झालं, तिथला नियामक तो काढतो. एअरबससाठी युरोपची ईएएसए, बोइंगसाठी अमेरिकेची एफएए. बाकीचे देश तो आपल्याकडे लागू करतात. आपल्याकडे डीजीसीए त्याला सक्तीच्या बदलाच्या यादीत टाकते. एडीमध्ये चार गोष्टी ठळक लिहिलेल्या असतात. कोणतं विमान, कोणता भाग, काय करायचं आणि किती मुदतीत. मुदत कधी सहा महिने असते, कधी ठरावीक उड्डाण तास, कधी तीन दिवस. इलॅकच्या वेळी ती होती 'पुढच्या उड्डाणाआधी'. याहून कडक मुदत असूच शकत नाही. फारतर रिकामं विमान, प्रवासी न घेता, दुरुस्तीच्या तळापर्यंत नेण्याची सवलत मिळते.

सल्ला आणि आदेश यातला हा फरक भारताने २०२५ मध्ये फार वेदनादायक पद्धतीने वाचला. १२ जूनला अहमदाबादला एअर इंडियाचं १७१ क्रमांकाचं विमान कोसळलं. विमानातले २४१ आणि जमिनीवरचे १९, असे २६० लोक गेले. महिन्याभराने आलेल्या प्राथमिक अहवालात दोन्ही इंजिनांचा इंधनपुरवठा चालू-बंद करणारे स्विच 'बंद' स्थितीत गेल्याची नोंद होती. त्याच अहवालात आणखी एक गोष्ट होती. अशा स्विचचं लॉक नीट बसलेलं आहे का ते बघा, असं एफएएने डिसेंबर २०१८ मध्येच सुचवलं होतं. पण ते सल्ल्याच्या स्वरूपात होतं, सक्तीचं नव्हतं. त्यामुळे ती तपासणी झालेली नव्हती.

इथे घाई करून निष्कर्ष काढू नका. त्या लॉकमुळेच अपघात झाला असं अहवाल म्हणत नाही. हे स्विच फ्लाइट कंट्रोलमध्येही मोडत नाहीत, ते इंजिनाशी संबंधित आहेत. पण पुढे काय झालं ते बघा. १४ जुलै २०२५ ला डीजीसीएने आदेश काढला, की २१ जुलैपर्यंत संबंधित बोइंग विमानांचे हे स्विच तपासा. जी तपासणी साडेसहा वर्षं कागदावर होती ती आठवडाभरात झाली. एअर इंडियाने आपल्या विमानांत काही दोष आढळला नाही असं जाहीर केलं. काम तेच, स्विच तेच. फरक फक्त 'करावं' आणि 'केलंच पाहिजे' इतकाच.

ग्रीस न लावल्याची किंमत: ८८ जीव

हे आदेश कागदी वाटत असतील, तर एक जुनी गोष्ट ऐका.

३१ जानेवारी २०००. अलास्का एअरलाइन्सचं एमडी-८३ विमान मेक्सिकोहून अमेरिकेकडे येताना कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळलं. ८८ जण गेले. कारण काय निघालं? शेपटीचा आडवा पंख वर-खाली करणारा एक जाड आटेदार दांडा असतो, त्याला जॅकस्क्रू म्हणतात. गाडी उचलायच्या स्क्रू-जॅकसारखाच. त्या दांड्यावर बसणाऱ्या नटचे आटे झिजून पूर्ण निघून गेले होते.

आटे झिजले कारण ग्रीस पुरेसं नव्हतं. ग्रीस पुरेसं नव्हतं कारण ते लावायच्या दोन वेळांमधलं अंतर हळूहळू वाढवत आठ महिन्यांवर नेलं होतं. झीज मोजायच्या तपासणीचं अंतरही तसंच वाढलं होतं. आणि हे सगळं लपूनछपून नाही, नियामकाच्या मंजुरीने झालं होतं. तपास करणाऱ्या एनटीएसबीने या वाढवलेल्या अंतरावर थेट बोट ठेवलं.

अपघातानंतर दहा-बारा दिवसांत एफएएने आदेश काढला, की या प्रकारच्या सगळ्या विमानांचे जॅकस्क्रू ७२ तासांत तपासा. म्हणजे जी गोष्ट नीट वेळेवर बघितली असती तर ८८ लोक घरी पोचले असते, तीच तीन दिवसांत बघण्यासारखी होती.

यंत्रमागाच्या गावात वाढलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. तेलपाणी वेळेवर झालं नाही की माग आधी कुरकुरतो, मग कापड खराब करतो आणि एक दिवस थांबतो. फरक इतकाच की माग जमिनीवर थांबतो.

आपल्याकडे कधी काही सापडलंय का?

हो. आणि ही गोष्ट बातम्यांमध्ये फार गाजली नाही.

डिसेंबर २०२३ मध्ये बोइंगने ७३७ मॅक्स विमानांच्या रडरची जोडणी तपासायला सांगितली. एका कंपनीला नेहमीच्या देखभालीत एका बोल्टचा नटच गायब असल्याचं दिसलं होतं. दुसऱ्या एका विमानात, जे अजून कारखान्यातून बाहेरही पडलं नव्हतं, नट नीट आवळलेला नव्हता. भारतात तेव्हा आकासा एअर, स्पाइसजेट आणि एअर इंडिया एक्सप्रेस यांच्याकडे मिळून ४० मॅक्स विमानं होती. त्यांची तपासणी सुरू झाली. जानेवारी २०२४ मध्ये डीजीसीएने सांगितलं, की एका विमानात वॉशर नसल्याचं आढळलं आणि ते दुरुस्त करूनच विमान सोडण्यात आलं.

एक वॉशर. आपल्या हार्डवेअरच्या दुकानात मूठभर मिळतात तसा दिसणारा. त्याने लगेच अपघात झाला असता असं कुणी म्हणत नाही. पण बघितलं म्हणून तो नसल्याचं कळलं.

दुसरं उदाहरण २०२४ चंच. ६ फेब्रुवारीला अमेरिकेत न्यूअर्कला उतरताना युनायटेड कंपनीच्या ७३७ मॅक्सचे रडरचे पेडल मधल्या स्थितीत अडकले. कुणाला इजा झाली नाही. तपासात कळलं, की रडरला जोडलेल्या एका यंत्रातलं बेअरिंग कारखान्यात चुकीचं बसवलं गेलं होतं. त्यामुळे आत ओलावा जाऊन थंडीत त्याचा बर्फ होऊ शकत होता. सप्टेंबरअखेर एनटीएसबीने तातडीची शिफारस केली. ऑक्टोबरमध्ये डीजीसीएने भारतीय कंपन्यांना सांगितलं, की पायलटना या धोक्याची माहिती द्या आणि ज्या विमानांत ते यंत्र आहे, तिथे दाट धुक्यातल्या स्वयंचलित लँडिंगचा वापर आणि सरावही थांबवा.

म्हणजे प्रत्येक वेळी उत्तर 'विमान बंद' असंच नसतं. कधी भाग बदलतात, कधी सॉफ्टवेअर मागे घेतात, तर कधी तो भाग ज्या कामात धोकादायक ठरेल तेवढं काम थांबवतात.

ही तपासणी करतं कोण?

आपण पायलट बघतो, एअर होस्टेस बघतो. हे लोक आपल्याला सहसा दिसत नाहीत. त्यांना एअरक्राफ्ट मेंटेनन्स इंजिनिअर, म्हणजे एएमई म्हणतात. त्यांच्याकडे डीजीसीएचं लायसन्स असतं. काम झालं की विमान उडायला योग्य आहे असं लिहून ते सही करतात. ती सही झाल्याशिवाय विमान सेवेत परत येत नाही. उद्या काही झालं तर ती सही कुणाची, हे सगळ्यात आधी बघितलं जातं.

फ्लाइट कंट्रोलच्या बाबतीत आणखी एक कडक नियम आहे. या भागांना हात लावला, खोललं, जोडलं, तर एकाच माणसाने बघून चालत नाही. दुसऱ्या अधिकृत माणसाने स्वतंत्रपणे पुन्हा तपासायचं असतं. याला डुप्लिकेट इन्स्पेक्शन म्हणतात. कारण सरळ आहे. ज्याने काम केलं त्याला स्वतःची चूक दिसतेच असं नाही. आपणच लिहिलेल्या बातमीतली चूक आपल्याला दिसत नाही, शेजारच्याला लगेच दिसते, तसं.

याशिवाय नेहमीच्या तपासण्या असतातच. दोन फेऱ्यांच्या मधली धावती नजर, काही शे उड्डाण तासांनी होणारी 'ए चेक', साधारण दीड-दोन वर्षांनी होणारी 'सी चेक' आणि काही वर्षांनी विमान जवळजवळ पूर्ण उघडून होणारी मोठी तपासणी. महाराष्ट्रात हे काम मुंबईबरोबर नागपूरलाही होतं. तिथे मिहानमध्ये बोइंगने उभारलेलं देखभाल केंद्र आहे, ते सरकारी एआय इंजिनिअरिंग सर्व्हिसेस चालवते. सक्तीचा आदेश आला की तो या सगळ्या वेळापत्रकाच्या पुढे जाऊन बसतो.

मग सगळं आलबेल आहे का?

नाही. आदेश कितीही कडक असला तरी तो पाळणारी आणि पाळला का ते बघणारी माणसंच असतात.

ज्या आठवड्यात इलॅकची धावपळ सुरू होती, त्याच आठवड्यातली गोष्ट. एअर इंडियाचं एक ए३२० विमान उड्डाणयोग्यतेच्या आढाव्याचं प्रमाणपत्र संपलेलं असताना प्रवासी घेऊन आठ फेऱ्या करून आलं. हे प्रमाणपत्र दरवर्षी लागतं. विमानाची देखभाल, नोंदी आणि सक्तीचे आदेश पूर्ण आहेत का, हे बघून ते मिळतं. सोप्या भाषेत, ट्रकची पासिंग संपली आणि गाडी रोडवरच. चूक लक्षात आल्यावर कंपनीने स्वतः डीजीसीएला कळवलं. डीजीसीएने ते विमान थांबवून चौकशी लावली. म्हणजे यंत्रणेने पकडलं, हे खरं. आठ फेऱ्या झाल्यावर पकडलं, हेही खरं.

भिवंडीकर म्हणून मला या सगळ्यात एक गोष्ट टोचते. २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे धामणकर नाक्याजवळच्या पटेल कंपाउंडमध्ये जिलानी इमारत कोसळली आणि जवळपास चाळीस जण झोपेत गेले. धोकादायक इमारत, नोटीस, ऑडिट हे शब्द आमच्याकडे लहान पोरालाही माहीत आहेत. पावसाळा आला की भिंतींवर नोटिसा चिकटतात. पण दुसरी जागा नसली की माणसं त्याच घरात राहतात, नोटीस उन्हापावसाने फाटून जाते आणि पुढच्या वर्षी नवीन चिकटते.

विमानाच्या बाबतीत हे जमतं, कारण आदेशात मुदत असते, जबाबदार माणसाची सही असते आणि पाळलं नाही तर विमान उडत नाही. शिवाय प्रवाशाला पर्यायी विमान देण्याची जबाबदारी कंपनीवर असते. सुरक्षा नुसत्या तपासणीने येत नाही. तपासणीनंतर जे करायचं ते करण्यावाचून गत्यंतर नसेल, तेव्हा येते.

प्रवासी म्हणून तुम्ही काय करायचं?

एक, फॉरवर्ड आला की आधी तारीख आणि मॉडेल बघा. 'सगळी विमानं' असा आदेश जवळपास कधीच नसतो. इलॅकचा आदेश ए३२० कुटुंबातल्या काही विमानांपुरताच होता.

दोन, दोन बातम्यांची मिसळ करू नका. डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात इंडिगोच्या हजारो फेऱ्या रद्द झाल्या, तेव्हा अनेकांनी त्याचं खापर इलॅकवर फोडलं. इलॅकचं काम तर ३० नोव्हेंबरलाच संपलं होतं. डिसेंबरच्या गोंधळाचं मुख्य कारण पायलटच्या ड्युटी आणि विश्रांतीचे नवे नियम आणि त्यासाठी कमी पडलेली तयारी हे होतं.

तीन, तांत्रिक कारणाने विमान उशिरा सुटणार असं सांगितलं की चिडचिड होते, मलाही होते. पण काउंटरवरच्या मुलीवर ओरडण्याआधी एवढं लक्षात घ्या, की कुठेतरी एखादा इंजिनिअर सही करायला नकार देतोय. त्याने तो द्यावा असंच तुम्हाला वाटायला हवं. उशिराबद्दल जेवण, परतावा, दुसरं विमान हे तुमचे हक्क आहेत, ते जरूर मागा. पण 'कसंही करून उडवा' हे मागू नका.

चार, बसल्या जागी बेल्ट लावून ठेवा, दिवा विझला तरी. २००८ मध्ये क्वांटासचं एक ए३३० विमान ऑस्ट्रेलियाजवळ अचानक खाली झुकलं आणि शंभराहून जास्त लोक जखमी झाले. त्यातल्या कित्येकांनी बसलेले असूनही बेल्ट लावलेला नव्हता. ३० ऑक्टोबरसारखा झटका येतो तेव्हा बेल्ट लावायला वेळ मिळत नाही.

मावशी त्या शनिवारी गेली. विमान दीड तास उशिरा सुटलं. पोचल्यावर तिचा मेसेज आला, "पोचलो. उशीर झाला, पण तू म्हणालीस म्हणून भांडले नाही."

तिने तो मेसेज फॅमिली ग्रुपवर टाकला होता. त्याच्याखाली पाच मिनिटांत नवीन फॉरवर्ड आला. या वेळी मी उत्तर दिलं.